मॉरिशसला कधी जावं? आधी वारा बघा, मग महिना

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातली पाच माणसं. नवरा-बायको, नऊ आणि चौदा वर्षांची दोन मुलं, आणि सत्तरी ओलांडलेली आई. मॉरिशसला आठवडाभर जायचंय. सुट्टी मे महिन्यात, दिवाळीत किंवा नाताळात मिळू शकते. कुणी सांगतं मे ते डिसेंबर उत्तम, कुणी म्हणतं समुद्राची मजा हवी असेल तर जानेवारी-फेब्रुवारीशिवाय पर्याय नाही. मग नेमकं कधी जायचं?

तुमच्यासाठी माझं उत्तर दिवाळी. ते जमत नसेल तर मे, पण १५ तारखेनंतर आणि मुक्काम पश्चिम किंवा उत्तर किनाऱ्यावर ठेवून. नाताळ तिसऱ्या क्रमांकावर. का, ते नीट सांगतो, कारण कारणं कळली की पुढच्या वेळी महिना तुमचा तुम्हाला ठरवता येईल.

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आहे आणि मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. म्हणजे आपल्या आणि त्यांच्या ऋतूंमध्ये जवळजवळ बरोब्बर सहा महिन्यांचं अंतर. आपल्याकडे गुलमोहर एप्रिल-मेमध्ये पेटतो, तिथे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. आपला आंबा संपून चार-पाच महिने झालेले असतात तेव्हा त्यांच्या आंब्याचा हंगाम सुरू होतो. आपण स्वेटर काढतो तेव्हा त्यांचा उन्हाळा असतो आणि आपण छत्र्या काढतो तेव्हा त्यांचा हिवाळा. त्यांचा उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल, हिवाळा जून ते सप्टेंबर. मधले मे आणि ऑक्टोबर हे दोन महिने ऋतुबदलाचे. आता गंमत बघा, आपल्या शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या नेमक्या या ऋतुबदलाच्या आसपास येतात. युरोपातल्या लोकांना यासाठी रजेची खटपट करावी लागते, आपल्याला ते आयतं मिळतं. तरीही आपल्याकडची बरीच कुटुंबं नाताळातच जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आकड्यांत सांगायचं तर उन्हाळ्याचं सरासरी तापमान साधारण २४.७ अंश, हिवाळ्याचं २०.४. फरक साडेचार अंशांचाही नाही. जानेवारी-फेब्रुवारीत दिवसाचा पारा सरासरी २९ अंशांपर्यंत चढतो, जुलै-ऑगस्टमध्ये रात्री १६ अंशांच्या आसपास उतरतो. वर्षाचा पाऊस बेटावर सरासरी २००० मिलिमीटर आणि त्यातला दोन तृतीयांश नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये पडतो. सगळ्यात ओले महिने फेब्रुवारी आणि मार्च, सगळ्यात कोरडा ऑक्टोबर. समुद्राचं पाणी हिवाळ्यात २२ अंशांच्या आसपास, उन्हाळ्यात २७ पर्यंत.

एवढे आकडे वाचून कुणालाही वाटेल की मग कधीही गेलं तरी चालतं. बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात. कारण मॉरिशसमध्ये तुमचा दिवस कसा जाईल हे तापमानापेक्षा वारा जास्त ठरवतो.

शाळेच्या भूगोलात 'आग्नेय व्यापारी वारे' वाचलेलं आठवत असेल. मॉरिशस वर्षाचे बहुतेक महिने या वाऱ्यांच्या वाटेत असतं. बेटाच्या दक्षिणेला समुद्रावर हवेच्या जास्त दाबाचा एक मोठा पट्टा असतो, त्याला मस्करीन हाय म्हणतात. जून ते ऑगस्टमध्ये तो सगळ्यात बळकट होतो आणि तिथून निघालेला वारा मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्यावर दिवसरात्र आदळत राहतो. हाच प्रवाह पुढे विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्य मोसमी वारा होऊन कोकणात पाऊस घेऊन येतो. आपला मान्सून ऐन जोरात असतो तेव्हा मॉरिशसचा पूर्व किनारा झोडपला जात असतो. दोन्हीमागे यंत्रणा एकच आहे. हे एकदा लक्षात राहिलं की जुलैत पूर्वेकडच्या हॉटेलांचे दर का उतरलेले असतात, हे वेगळं विचारावं लागत नाही.

बेट लहान आहे, लांबी ६५ किलोमीटरच्या आसपास आणि रुंदी ४५. तरी एकाच दिवशी त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे ऋतू वाटावेत इतका फरक पडतो. पूर्वेला बेल मार, त्रू दो दूस आणि समोरचं इल ओ सेर्फ. किनारे लांबलचक, वाळू पांढरीशुभ्र, बेटावरचे सगळ्यात देखणे. पण जून ते सप्टेंबर तिथे आरामखुर्चीवर वाळू उडते, पोहून बाहेर आलं की अंगावर काटा येतो आणि सत्तरीच्या आईंना संध्याकाळी बाहेर बसवत नाही. पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाक, तामारँ आणि नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न. मधल्या डोंगरांचा आडोसा मिळाल्यामुळे पश्चिम किनारा शांत, कोरडा आणि दोन-तीन अंशांनी उबदार असतो. ल मोर्नला मात्र आडोसा अपुरा पडतो, तिथे डोंगराला वळसा घालून वारा येतो. म्हणूनच जगभरचे काइटसर्फिंगवाले हिवाळ्यात तिथे गोळा होतात. उत्तरेला ग्राँ बे, पेरेबेर, त्रू ओ बिश. हा भाग मधला, हिवाळ्यातही बऱ्यापैकी निवांत, दुकानं आणि खाण्याची ठिकाणं चालत जाता येतील इतकी जवळ. लहान मुलं आणि वयस्क माणसं बरोबर असतील तर मी पहिल्यांदा त्रू ओ बिश सुचवतो, तिथला किनारा उथळ आणि पाणी स्थिर असतं.

दक्षिणेचं वेगळं सांगायला हवं. बेटाच्या बहुतेक भागाला प्रवाळाच्या कड्याचं कुंपण आहे, त्यामुळे आतलं पाणी शांत राहतं. सुयाकजवळ ग्री ग्री इथे ते कुंपण तुटलेलं आहे आणि खुला समुद्र थेट कड्यावर येतो. बघायला जरूर जा, पण कोणत्याही महिन्यात तिथे पाण्यात उतरू नका. मुलांना आधीच सांगून ठेवा.

पावसाचंही असंच आहे, ठिकाण बदललं की आकडा बदलतो. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर मधल्या पठारावर ४००० पर्यंत. क्युरपिप शहर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथे हिवाळ्यातही भुरभुर चालू असते आणि अर्ध्या-पाऊण तासात खाली फ्लिक आँ फ्लाकला आलात तर लख्ख ऊन. पर्यटक मोबाइलवर 'मॉरिशस' टाकून हवामान बघतात, आठवडाभर पावसाचं चिन्ह दिसतं आणि घाबरून फोन करतात. ते चिन्ह बहुधा पठारावरच्या किंवा पूर्वेकडच्या सरींचं असतं. सर येते, पंधरा-वीस मिनिटं पडते, जाते. हिवाळ्यातल्या अशा सरीसाठी बेत रद्द करू नका, दिशा बदला. मी गटाबरोबर असलो की सकाळी डोंगराकडे बघतो. ढग डोंगरावर अडकलेले असतील तर शामारेलचा धबधबा आणि ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं डोंगराळ जंगल उद्यावर ढकलायचं आणि पश्चिमेचा किंवा उत्तरेचा समुद्र आज उरकायचा.

आता तुमचे तीन पर्याय.

मे महिना पहिल्या पंधरवड्यात थोडा दमट असू शकतो. चक्रीवादळांचा अधिकृत काळ मॉरिशससाठी १५ मेपर्यंत धरला जातो. मेमध्ये वादळ येणं अगदी विरळ, पण तारीख हातात असेल तर नंतरची घ्यावी. दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस कमी झालेला असतो, समुद्रात उन्हाळ्याची ऊब अजून शिल्लक असते, वाऱ्याचा जोर यायचा असतो. डोंगर हिरवेगार, धबधबे भरलेले. उसाला तुरे येऊ लागतात आणि सगळा मधला भाग रुपेरी दिसतो. जूनपासून तोडणी सुरू होते. हॉटेलांचे दरही या काळात वर्षातल्या कमीत कमी दरांजवळ असतात. एकच उणीव म्हणजे दिवस लहान. सूर्य सहाच्या आधीच मावळतो, त्यामुळे सकाळी दहाला निघून निवांत फिरू म्हणणाऱ्यांचा दिवस हातातून निसटतो. साडेसातला नाश्ता करून बाहेर पडा.

दिवाळी म्हणजे ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा मध्य. पाऊस सर्वांत कमी, वारा पडत आलेला, पाणी कोमट होऊ लागलेलं आणि चक्रीवादळाची धास्ती जवळजवळ नाही. पूर्व किनारासुद्धा आता हवाहवासा होतो. दिवाळी तिथे सार्वजनिक सुट्टी असते, गावोगाव पणत्या आणि रोषणाई असते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना मिठाईचे डबे जातात. उत्तरेतल्या त्रिओलेसारख्या गावातून त्या रात्री एक फेरी मारा. घरापासून दूर दिवाळी कशी करायची, ही आईंची काळजी तिथे पोचल्यावर मिटते. २ नोव्हेंबरही सुट्टीचा दिवस, १८३४ साली करारबद्ध मजूर म्हणून आलेल्या भारतीयांच्या आगमनाची आठवण. राजधानी पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट, म्हणजे हे मजूर जिथे उतरले ती जागा, याच इतिहासाचा, २००६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. चौदा वर्षांच्या मुलाला तो नक्की दाखवा. समुद्रकिनाऱ्यांच्या गडबडीत लोक तो वगळतात आणि मग या देशात भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी माणसं कशी आली हे न कळताच परत येतात.

या काळाच्या दोन गोष्टी माहीत असू द्या. फ्रान्समधल्या शाळांना ऑक्टोबरच्या शेवटी दोन आठवडे सुट्टी असते, त्यामुळे नेमके तेव्हा दर चढतात आणि चांगल्या खोल्या लवकर जातात. चार-पाच महिने आधी आरक्षण करा. दुसरं म्हणजे कोरडा काळ असल्याने धबधबे रोडावलेले असतात. शामारेलचा धबधबा फेब्रुवारीत जसा गर्जतो तसा ऑक्टोबरमध्ये दिसणार नाही. माझ्या मते हा सौदा फायद्याचाच आहे.

नाताळ. हवा गरम, दिवस मोठे, सूर्य पावणेसातनंतर मावळतो, लिचीचे घोस रस्त्याकडेला टांगलेले, गुलमोहर फुललेला. बेट दिसायला अतिशय सुंदर असतं, हे मी नाकारत नाही. पण २० डिसेंबर ते ५ जानेवारी हा वर्षातला सर्वांत महाग काळ. अनेक हॉटेलं किमान रात्रींची अट घालतात आणि ३१ तारखेच्या जेवणाचे वेगळे पैसे सक्तीने लावतात. पाच माणसांना ते भारी पडतं. स्थानिक कुटुंबांचीही सुट्टी असल्यामुळे सार्वजनिक किनारे गजबजलेले असतात. दमटपणाही बराच असतो, आणि मुंबईकराला त्याचं नवल नसलं तरी त्यापासून सुटका म्हणून जायचं तर मग हा काळ कशाला? दिवाळीचं आणि मेचं अजिबात जमत नसेल तर शाळेची परवानगी काढून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा. हवा जवळपास तीच, खर्च बराच कमी.

आता चक्रीवादळांबद्दल, कारण याविषयी दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. काही एजंट 'काही होत नाही हो' म्हणून जानेवारी ते मार्चची स्वस्त पॅकेजं विकतात, तर काही लोक नोव्हेंबर उजाडला की बेटाचं नावच काढत नाहीत. खरी जोखीम जानेवारी ते मार्चमध्ये एकवटलेली असते. वादळाचा डोळा थेट बेटावरून जाणं विरळ, १९६० सालच्या कॅरोलसारखी वादळं पिढीतून एखाद-दुसरी. पण वादळ दीड-दोनशे किलोमीटरवरून गेलं तरी पाऊस आणि लाटा तुमचे तीन-चार दिवस खातात. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळाच्या पावसात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. पावसाला वादळच लागतं असंही नाही. ३० मार्च २०१३ रोजी नुसत्या मुसळधार पावसाने राजधानीत पूर आला आणि ११ जणांचा जीव गेला.

मॉरिशसची इशारा देण्याची पद्धत चार पायऱ्यांची आहे आणि लोक ती काटेकोर पाळतात. तिसरी पायरी जाहीर झाली की बस बंद, दुकानं बंद, विमानंही थांबतात, माणसाने घरात राहायचं. हॉटेलांच्या इमारती मजबूत असतात, तुम्ही सुरक्षित असता, पण सुट्टी खोलीत जाते आणि परतीचं विमान दोन दिवस पुढे सरकू शकतं. म्हणून या तीन महिन्यांत कुणी जाणारच असेल तर माझ्या अटी ठरलेल्या आहेत: रद्द करता येईल असं आरक्षण, वादळामुळे होणारा खोळंबा धरणारा प्रवासविमा, आणि परतल्यावर ऑफिस किंवा परीक्षेआधी दोन मोकळे दिवस. आईंची रोजची औषधं आठवड्यापेक्षा पाच दिवसांची जास्त ठेवायची. आणखी एक खूण सांगतो. उन्हाळ्यात वारा अचानक पडला, हवा घुसमटली, समुद्र तेलासारखा स्थिर झाला, तर हवामान खात्याची बातमी बघा. जवळपास वादळ असलं की रोजचा आग्नेय वारा तुटतो.

फेब्रुवारी-मार्चचं एक मोठं आकर्षण मात्र खरं आहे, महाशिवरात्र. पठारावरच्या ग्राँ बासँ तळ्याला, म्हणजे गंगा तलावाला, लाखो भाविक चालत जातात. खांद्यावर सजवलेली कावड आणि पांढरे कपडे. वाटेत लोक सरबत आणि खाणं देत असतात. पंढरीची वारी पाहिलेल्या माणसाला ते दृश्य परकं वाटत नाही. त्यासाठीच जाणार असाल तर पाऊस सोसा, पण त्या तीन-चार दिवसांत भाड्याची गाडी घेऊन पठारावरचे रस्ते पार करायचा बेत ठेवू नका.

आणि गणपती. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी आहे आणि ती बहुतेक वर्षी आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते, कारण तिथे मुख्य धामधूम दीड दिवसाच्या विसर्जनाची. तिथल्या मराठी लोकांचे पूर्वज प्रामुख्याने कोकणातून गेलेले, त्यामुळे झांज आणि आरतीचा ठेका ओळखीचा लागतो. किनाऱ्यावर विसर्जनाला उभं राहिलात तर तुमच्याशी कुणीतरी मराठीतून बोलेल. ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर, म्हणजे हिवाळा ओसरतानाचा काळ. पश्चिमेला राहा, एक जाड जॅकेट न्या. तुमच्या तीन पर्यायांत हा नाही, पण कधीतरी यासाठी म्हणून जा, एवढं आग्रहाने सांगतो.

जुलै-ऑगस्टला लोक उगाच नावं ठेवतात. पोहण्यासाठी जायचं असेल तर तक्रार रास्त आहे, बावीस अंशांचं पाणी आपल्या मुलांना गारच लागतं. पण ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या पायवाटा, ८२८ मीटरचं सर्वोच्च शिखर, ल मोर्नचा चढ, यासाठी हाच काळ. जुलै ते ऑक्टोबरमध्ये दक्षिण ध्रुवाकडून हंपबॅक देवमासे पिलांना जन्म द्यायला या उबदार पाण्यात येतात आणि पश्चिम किनाऱ्यावरून होडीने बघता येतात. होडी ठरवताना नावाड्याला स्पष्ट सांगा की देवमाशाच्या किंवा डॉल्फिनच्या अंगावर होडी घालायची नाही. तामारँच्या उपसागरात सकाळी डॉल्फिनच्या एका कळपामागे होड्यांची रांग लागते, ते पाहवत नाही. गिऱ्हाइकांनी मागणी थांबवली तरच हे थांबेल. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर देवमासे निघून गेलेले असण्याची शक्यता जास्त, त्यावर बेत बांधू नका. उलट पाण्याखालचं प्रवाळ बघायला ऑक्टोबरनंतर पाणी नितळ होत जातं. ब्लू बेच्या संरक्षित भागात काचेच्या तळाची होडी मिळते, आईंनाही पाण्यात न उतरता सगळं दिसेल.

तेव्हा दिवाळी ठरलीच तर मुक्काम असा लावा: पहिल्या चार रात्री त्रू ओ बिश किंवा ग्राँ बे, नंतरच्या तीन बेल मारला. उत्तरेतून पोर्ट लुई, पांपलमूसची बाग आणि दिवाळीची रात्र होते. पूर्वेतून इल ओ सेर्फ आणि ब्लू बे. शामारेलसाठी एक पूर्ण दिवस गाडी करा आणि ती तारीख आधीच पक्की करू नका, सकाळचं आकाश बघून चालकाला सांगा. मेमध्ये जाणार असाल तर हॉटेल बदलायची गरज नाही, सातही रात्री फ्लिक आँ फ्लाक किंवा त्रू ओ बिशला काढा आणि पूर्वेला दिवसापुरतं जाऊन या. विमानतळ आग्नेय कोपऱ्यात आहे, ग्राँ बेहून तिथे पोचायला तासाहून जास्त लागतो. परतीचं विमान पहाटेचं किंवा सकाळचं असेल तर शेवटची रात्र उत्तरेत ठेवू नका.